काडीच्या माणसाला आधी भेटून या: सोलापूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना खुलं पत्र

सोलापूर

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि मार्गदर्शक सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेला मला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावणं येतं. मी शिकवत नाही, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्यामुळे खुर्ची परीक्षकाची असली तरी माझं लक्ष तुम्ही काय बांधलंय आणि ते कोण वापरणार याकडे जास्त असतं. तुमचे विषय बदललेत, हे आधी सांगतो. पूर्वी दर तिसरा गट 'लायब्ररी मॅनेजमेंट' घेऊन यायचा, उरलेले 'हॉस्पिटल मॅनेजमेंट'. आता टॉवेल कारखान्याचा साठा, विडी कामगारांची मजुरी, पाण्याचं वेळापत्रक, गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी असे आपल्या गावचे विषय येतात. बघून बरं वाटतं.

पण अहवाल उघडला की सुरुवातीच्या पानांत तो भेटतोच. काडीचा माणूस. गोल डोकं, एक उभी रेघ, दोन हात, दोन पाय, आणि खाली लिहिलेलं 'वर्कर', नाहीतर 'युजर'. त्याच्यापासून निघालेल्या रेघा लंबगोलांना जाऊन मिळतात: लॉगिन, व्ह्यू डिटेल्स, जनरेट रिपोर्ट. मी विचारतो, "हा कोण? कुठं राहतो? भेटलात का याला?" गट एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. मग कुणीतरी सांगतं, "सर, गुगल फॉर्म पाठवला होता, पन्नासेक रिस्पॉन्स आले." ते पन्नास जण कोण, तर तुमच्याच वर्गातले आणि हॉस्टेलमधले.

माझी विनंती अशी: पहिली चौकट कागदावर उमटायच्या आधी त्या माणसाला शोधून काढा, त्याच्याजवळ बसा, आणि चौकट त्याच्यासमोर काढा. सगळं तयार करून नेऊन "कसं वाटलं?" असं विचारलं तर त्याला मी सहभाग म्हणणार नाही. तोवर तुम्ही वर्ष घालवलेलं असतं हे समोरच्यालाही दिसतं. तो "छान आहे" म्हणतो, चहा पाजतो आणि तुम्हाला वाटेला लावतो.

एका गटाचं उदाहरण सांगतो, ओळख पटणार नाही अशा बेतानं. विषय होता विडी कामगारांच्या मजुरीचा हिशेब. चार तक्ते केले होते: कामगार, पान-तंबाखूचं वाटप, जमा झालेल्या विड्या, मजुरी. सूत्र सोपं, जमा विड्या भागिले हजार, गुणिले दर. आकृती देखणी, एकही बाण दुसऱ्याला छेदत नव्हता, मार्गदर्शक खूश. मी विचारलं, "यात छाट कुठं आहे?" सादरीकरण करणाऱ्या मुलाला मी काय विचारतोय तेच कळेना. मागे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझी मावशी वळती विड्या. छाट असती."

ती त्याच गटातली होती! तिच्याकडे स्लाइडांचे रंग ठरवणं आणि अहवाल बाइंड करून आणणं एवढंच काम आलं होतं. मावशीला रोज बघणारी मुलगी गटात असून वर्षभरात तिला कुणी विचारलं नाही. आणि तिलाही आपण होऊन सांगावंसं वाटलं नाही, कारण तिच्या मते ते 'टेक्निकल' नव्हतं. ही समजूत तिच्या डोक्यात कुणी घातली असेल, यावर मार्गदर्शकांनी जरा विचार करावा.

परीक्षा संपल्यावर मी तिला बोलतं केलं. पूर्व भागातलं घर, घरात तेलुगू, शाळेत मराठी. तिनं जे सांगितलं ते तुमच्यापैकी कित्येकांच्या शेजारी रोज घडत असेल, तरी लिहितो. ब्रांचमधून, म्हणजे विडी कंपनी जिथं माल वाटते आणि विड्या जमा करून घेते तिथून, पान आणि तंबाखू आणायची. पान भिजवायचं. त्यावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड बंद करायचं. मोजून, बांधून ब्रांचला न्यायचं. तिथं तपासणारा माणूस विड्या चाळतो आणि त्याला न पटलेल्या बाजूला काढतो. ती छाट. तेवढ्या विड्या मजुरीच्या हिशेबातून गेल्या. छाट किती निघणार हे विडी कशी वळली यावर असतं, आणि तिच्या मावशीच्या म्हणण्यानुसार तपासणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मिजाशीवरही असतं.

पुढची गोष्ट पानाची. मिळालेलं पान कधी फाटकं निघतं, कधी कडक. त्यातून हजार विड्या निघत नाहीत, पण ब्रांचला तर हजार द्यायच्या असतात. मग मावशी पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणते. म्हणजे त्या सूत्रातून निघणारी मजुरी आणि मावशीच्या हातात उरणारा पैसा यांचा मेळ बसत नाही, आणि ही तूट चारपैकी एकाही तक्त्यात दिसत नाही. शिवाय विडी कामगाराचं कार्ड सासूच्या नावावर, वळणारी सून, आणि दोरा गुंडाळायला घरातलं जे माणूस मोकळं असेल ते. 'एक कामगार, एक उत्पादन' अशी त्या गटानं घातलेली जोडणी पहिल्याच घराच्या उंबऱ्यावर मोडते.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे सर, 'छाट' नावाचा एक रकाना वाढवतो. नाही भागत तेवढ्यानं. तो आकडा भरणार कोण? ब्रांचमधला माणूस भरणार असेल तर तुमचं अ‍ॅप म्हणजे त्याच्या हातातली आणखी एक वही. तोच आकडा त्याच वेळी बाईच्या फोनवर तिला वाचता येईल अशा भाषेत दिसला, आणि तिला 'मान्य नाही' म्हणायची सोय असली, तर तो तिच्या हातातला पुरावा. तक्ता तोच, रकाना तोच, आणि तरी दोन निराळ्या यंत्रणा. बाद विड्या बाईला परत मिळतात की तिथंच राहतात, हाही प्रश्न त्या रकान्याला चिकटूनच येतो. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरून होणाऱ्या वादांसाठी 39 व्या कलमात वेगळी तरतूद केली होती. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना जे जवळपास साठ वर्षांपूर्वी ठाऊक होतं, ते विडी घरकुलापासून रिक्षानं जाता येईल अशा कॉलेजातल्या आकृतीत नव्हतं.

आकृतीकडे बघायची तुमची दृष्टी बदला, असं मला सुचवायचंय. अहवालात लागते म्हणून ती काढायची नसते. त्यातला प्रत्येक बाण म्हणजे "असं घडतं" असं तुम्ही केलेलं एक विधान. ते खोटं असेल तर ते सगळ्यांत लवकर आणि सगळ्यांत स्वस्तात कोण दाखवून देईल? जो ते काम रोज करतो तो. कागदावर असताना चूक सापडली तर खोडरबर पुरतं. कोडमध्ये गेल्यावर तीच चूक दोन महिने खाते. आणि लोकांच्या हातात गेल्यावर ती सापडतच नाही, कारण लोक तक्रार करत बसत नाहीत, पळवाट काढतात.

ती पळवाट तुम्हाला बघायची असेल तर कुठल्याही पेढीत जा. टेबलावर संगणक, त्यात बिलिंगचं सॉफ्टवेअर, आणि शेजारी लाल कापडाच्या पुठ्ठ्याची कच्ची वही. दिवसभराचा खरा व्यवहार वहीत, आणि संध्याकाळी मुनीम त्यातलं सॉफ्टवेअरला जेवढं पचतं तेवढं त्यात भरतो. टॉवेलच्या कारखान्यांतही तेच. प्रकल्पात मागाच्या फक्त दोन अवस्था असतात, 'चालू' आणि 'बंद'. मागावर उभ्या असलेल्या कामगाराला विचारा. वीज गेली, धागा तुटला, बीम (ताण्याचा सूत गुंडाळलेला रूळ) संपला, माग नीट करणाऱ्या जॉबरची वाट बघतोय, मालकानं दुसरं डिझाइन लावायला सांगितलं, अशी 'बंद'ची चार-पाच कारणं तो सहज सांगेल. त्यातल्या कुठल्या वेळेचं नुकसान कुणाच्या माथी, हेही सांगेल. त्याची मजुरी त्या फरकावर ठरते आणि तुमच्या पडद्यावर फक्त एक लाल ठिपका लागतो. मग तो वही ठेवतो. कच्ची वही दिसली की समजा, आखणीच्या वेळी कुणाला तरी विचारायचं राहून गेलंय.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. दुसऱ्या वर्षापासून तुम्ही प्रोग्रामिंगमधले क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स घोकता. ती कल्पना 1960 च्या दशकात सिम्युला या भाषेत उभी केली नॉर्वेच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार 2001 साठी दोघांना मिळाला. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. नीगार्डनं पुढं काय केलं ते मात्र परीक्षेत येत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हा माणूस नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करायला गेला. कारखान्यात संगणक शिरू लागले होते. ते आपल्या कामाचं आणि आपल्या हातातल्या कसबाचं काय करणार, हे कामगारांना स्वतः तपासता यावं आणि त्यावर व्यवस्थापनाशी बोलता यावं, यासाठी. ज्यानं जगाला ऑब्जेक्ट दिला, त्याला ऑब्जेक्टच्या पलीकडचा माणूस दिसत होता.

त्याच परंपरेत 1981 ते 1985 या काळात यूटोपिया नावाचा प्रकल्प झाला, स्कँडिनेव्हियातल्या छपाई कामगारांच्या संघटनांबरोबर. वृत्तपत्राची पानं संगणकावर लावायची यंत्रणा आखायची होती. हवी ती यंत्रं हाताशी नव्हती. मग त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली, एका खोक्याला लेझर प्रिंटर म्हटलं, पडद्याच्या जागी चित्रं लावली, आणि छापखान्यातल्या माणसांनी त्या लुटुपुटीच्या यंत्रांवर आपलं रोजचं काम करून दाखवलं. कुठं अडतंय ते एक ओळ कोड न लिहिता कळलं. पुठ्ठ्याची खोकी आपल्या टॉवेल आणि चादरींच्या दुकानांबाहेर रोज संध्याकाळी ढिगानं पडलेली असतात, एवढंच सांगून पुढं जातो.

"पण त्यांना आकृती कळत नाहीत सर," हे उत्तर मला दरवर्षी मिळतं. कळणार कशा? यूएमएल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची ही चिन्हभाषा, 1997 साली प्रमाण ठरली ती तुमच्या-माझ्या आपापसातल्या बोलण्यासाठी, आणि त्यासाठी ती चांगली आहे. मी रोज वापरतो. मावशीसमोर ती ठेवली तर मावशी गप्प बसणारच, आणि तुम्ही त्या गप्प बसण्याला 'अ‍ॅप्रूव्हड' लिहिणार. तिच्यासमोर ठेवायचं ते तिच्या ओळखीचं हवं. खरी विडी ठेवा. पानाचा गठ्ठा म्हणून वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा, ब्रांच म्हणून एक ताट, घर म्हणून दुसरं. "काल सकाळपासून काय काय झालं, ते यावर दाखवा" म्हणा. "साधारण कसं असतं?" असं विचारू नका. 'साधारण' विचारलं की माणूस नियम सांगतो, 'काल' विचारलं की घडलेलं सांगतो, आणि आखणी करायची असते ती घडलेल्याची.

खेड्यापाड्यांत ही रीत जुनी झाली आहे. साधारण 1990 च्या आसपास देशातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी गावकऱ्यांकडून जमिनीवर गावाचा नकाशा काढून घ्यायला सुरुवात केली. विहिरी, नाले, वस्त्या, कुणाची जमीन पडीक, कुणाच्या बोअरला मेपर्यंत पाणी, सगळं रांगोळी, खडे आणि चिंचोक्यांनी. महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामाआधी शिवारफेरी काढतात, तीही त्याच जातीची. जमिनीवरच्या नकाशाची खुबी अशी की पेन कुणा एकाच्या हातात राहत नाही. ज्याला पटत नाही तो वाकतो आणि बोटानं रेघ पुसतो. कागदावर साहेबानं काढलेली रेघ पुसायला तोच माणूस धजावत नाही. संक्रांतीला नंदीध्वजांच्या वाटेवर मैलोगणती रांगोळी घालणाऱ्या शहराला जमिनीवर चित्र काढायला बाहेरून कुणी शिकवायला नको.

आता पाण्याबद्दल. हा विषय एक तरी गट दरवर्षी घेतो, म्हणून थोडं सविस्तर. उजनी धरणाचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून येतं, शिवाय टाकळी आणि हिप्परग्याचं. उन्हाळ्यात उजनी 'वजा'मध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपला, की अख्ख्या शहराचं बोलणं त्याभोवती फिरतं. तुम्ही काय करता, तर एपानेट उघडता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं 1993 पासून फुकट दिलेलं, पाइपांच्या जाळ्यातल्या पाण्याचा हिशेब करणारं उत्तम सॉफ्टवेअर. नोड (पाइप जुळतात किंवा पाणी घेतलं जातं ते बिंदू) मांडता, पाइप जोडता, प्रत्येक नोडवर माणशी रोज 135 लिटर ही सरकारी मोजणीतली मागणी टाकता आणि 'रन' दाबता. हिरवे ठिपके उमटतात.

त्या हिशेबाच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे: दाब असो वा नसो, प्रत्येक नोडला त्याची मागणी मिळणारच. दाबाप्रमाणे पाणी कमी-जास्त धरायची सोय एपानेटमध्ये 2020 च्या 2.2 आवृत्तीत आली, आणि तुमच्यापैकी बरेच जण ती चालूच करत नाहीत. आता आपल्या गल्लीत काय होतं ते आठवा. पाणी काही दिवसांनी येतं, काही तास येतं. आलं की सगळ्यांचे नळ एकदम सुटतात, मोटारी लागतात, आणि शेवटच्या घरात हवेचा फुसका आवाज. त्या गल्लीची मागणी 135 गुणिले माणसं एवढी कधीच नसते. हौद, टाकी, बॅरल, घागरी, कळशा, आणि पाहुणे आले असतील तर भगोणीसुद्धा, जेवढं रिकामं तेवढी मागणी. त्यात काही घरी आधीचं शिळं म्हणून ओतून देतात. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडायचं? कुठल्याही घरात, जी बाई पाणी भरते तिच्याकडे सापडेल.

आणि गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याकडे. कुठली चावी किती आटे फिरते, कुठली अर्ध्यावर अडकते, कुठल्या बोळाला पाणी पोचायला किती वेळ लागतो, नकाशात नसलेली जोडणी कुठं आहे, हे त्याला पाठ असतं. त्याला कुणी तज्ज्ञ म्हणत नाही, बैठकीला बोलवत नाही. फार तर काम संपल्यावर नव्या यंत्रणेचं 'प्रशिक्षण' देतात.

एका गटाला मी मागे सुचवलं होतं की जाऊन चार बायकांना भेटा. ते गेले. किती लिटर, किती दाब अशी प्रश्नावली बरोबर होती. त्यातल्या एकीनं त्यांना सांगितलं, "किती येतंय ते राहू द्या बाळा. कधी येतंय ते आदल्या दिवशी कळलं तर बास. ब्रांचच्या वेळेला पाणी आलं की माझा खाडा." मुलांनी पाइपांचं जाळं बाजूला ठेवलं आणि चावीवाल्यानं चावी फिरवली की त्या गल्लीला निरोप जाईल एवढीच यंत्रणा आखली. आकृतीत मोजून पाच चौकटी. त्या वर्षी मी दिलेले सगळ्यांत जास्त गुण त्यांना होते, आणि हे विभागातल्या काही जणांना आवडलं नव्हतं.

आता उलट बाजूही लिहायला हवी, नाहीतर तुम्ही उद्यापासून सगळंच लोकांना विचारत सुटाल. पाइपचा व्यास लोकांना विचारून ठरत नाही, तो गणितानंच काढायचा. डेटाबेसला इंडेक्स कुठं लावायचा हे मावशीला विचारणं म्हणजे जबाबदारी झटकणं. लोक सांगतात ते सगळंच खरं असतं असंही नाही. गल्लीच्या तोंडाचं घर म्हणेल की मोटारीनं कुणाचं काय बिघडतं, आणि शेवटचं घर म्हणेल मोटारी जप्त करा. दोघंही आपापल्या जागी ठाम. अशा वेळी मधला कुठला तरी गुळमुळीत आकडा काढून आकृती गोंडस करू नका. दोन आकृत्या काढा, दोन्ही परीक्षेला आणा, आणि भांडण कुठं आहे ते दाखवा. मला ते जास्त आवडेल.

सगळ्यांत मोठा धोका कोणाला विचारता यात आहे. प्रकल्पाला 'स्पॉन्सर' मिळाला की तुम्ही त्या मालकालाच ग्राहक समजता. मालकाला मागावरचं चित्र हवं असतं, पण ते त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो. आणि मुकादम खोलीत असताना कामगार जे बोलतो, ते मुकादमासाठी असतं. तपासणाऱ्याला आणि विडी वळणाऱ्या बाईला एकाच बाकावर बसवून 'छाट'बद्दल विचाराल तर उत्तर एकच येईल आणि ते बाईचं नसेल. वेगवेगळं भेटा. तपासणाऱ्यालाही भेटा, त्याच्यावरही वरून दडपण असतं, आणि ते त्याच्याशिवाय कुणी सांगणार नाही.

आपल्याकडे एक वाक्य फार सहज येतं: "त्यांना काय कळणार अ‍ॅप." कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत विडी वळणाऱ्या बायकांची आहे. संघटना, मोर्चे, अर्ज, कर्ज, हप्ते, सगळं त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांना चार चौकटी आणि पाच बाण कळणार नाहीत असं मानायला मी तयार नाही.

मार्गदर्शक सर-मॅडम, आता तुमच्यासाठी. अभ्यासक्रम बदलायची गरज नाही, पहिल्या रिव्ह्यूची मागणी बदला. आज तुम्ही आयईईई 830 या प्रमाणाच्या साच्यातला एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरनं काय काय करायचं ते सांगणारा दस्तऐवज, मागता. त्या प्रमाणाची शेवटची आवृत्ती 1998 ची, 2011 मध्ये त्याची जागा 29148 या नव्या प्रमाणानं घेतली, तरी आपले अहवाल अजून त्याच मथळ्यांनी भरतात. मुलं मागच्या वर्षीच्या अहवालातून ते उतरवतात, आणि आता तर उतरवायचीही गरज नाही, चॅटजीपीटी अर्ध्या मिनिटात काडीच्या माणसासकट अख्खा एसआरएस काढून देतो. तो निर्दोष असतो आणि जगातल्या कुठल्याही गावाला लागू पडतो. त्याऐवजी पहिल्या रिव्ह्यूला मळका कागद मागा. ज्यावर दुसऱ्या कुणीतरी खोडलंय, रेघ ओढलीय, चहाचा डाग पडलाय असा. शेजारी एक छोटी यादी: आमचं काय चुकलं होतं आणि ते कुणी दाखवलं. यादी रिकामी असेल तर गट तिथं गेलेला नाही, किंवा गेला पण स्वतःच बोलत बसला. त्या यादीला गुण ठेवा. पाच ठेवले तरी चालतील; गुण असल्याशिवाय शेवटच्या वर्षाचं पोर उठून जागचं हलत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि गट पाडल्यावर एक फेरी अशी घ्या की या विषयातलं काम कुणाच्या घरात होतं. ज्याचा हात वर येईल त्याला बाइंडिंगच्या कामावर लावू नका.

मुलांनो, निघायच्या आधी काही व्यवहाराच्या गोष्टी. माल जमा करायच्या वेळी ब्रांचमध्ये जाऊन मध्ये मध्ये करू नका, दुपारी घरी जा. हात चालू असतानाच बोलणं चांगलं होतं, त्यांना काम थांबवायला लावू नका. तेलुगू येणारं कुणीतरी बरोबर न्या, कन्नड वस्तीत जाणार असाल तर कन्नड येणारं. पहिल्या दिवशी लॅपटॉप नको. विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग नको आणि फोटो तर नकोच. आधार कार्ड, पीएफचा नंबर, कार्डावरचं नाव यातलं काहीही तुमच्या अहवालात जाता कामा नये. त्यांनी काढलेल्या आकृतीची एक प्रत त्यांच्याकडे ठेवून या आणि पुढच्या खेपेला ती मागा. त्यावर काही वाढलेलं असेल तर आधी ते वाचा, तुमचं नंतर दाखवा.

आणि चकली-चिवड्यावर भागवू नका. एका बाईचे दोन तास घेतलेत तर दोन तासांत तिच्या जेवढ्या विड्या झाल्या असत्या, तेवढी मजुरी तिच्या हातात द्या. प्रकल्पाच्या खर्चाच्या तक्त्यात ती रक्कम बाइंडिंगच्या वरच्या ओळीत लिहा. मार्गदर्शकांनी हरकत घेतली तर माझं नाव सांगा.

आपला,
एक बाहेरचा परीक्षक